घाटाखालून येणारे फोन

होळी विझली की बुलडाण्यातल्या माळ्यांवरून कूलर उतरायला लागतात. घराघरांत हा कार्यक्रम सारखाच. नवरा स्टुलावर, मुलगा खाली, आणि बायको दारात उभी राहून दोघांनाही सूचना देते, "भितीले लागीन! अहो, रंग आत्ताच देला न!" मग पोत्यात गुंडाळलेला तो पत्र्याचा गडी अंगणात येतो आणि वर्षभराची झोप मोडल्यासारखा तिरका उभा राहतो. उघडला की आतून काय काय निघतं. चिमणीचं घरटं, लेकराचा हरवलेला चेंडू, एका घरी तर लग्नातल्या अक्षता. बाजूच्या ताट्या, म्हणजे जाळीत भरलेलं लाकडाच्या तंतूंचं गवत, वाळून पापडासारख्या झालेल्या असतात. नवी ताटी लावून तिच्यावर पहिलं तांब्याभर पाणी ओतलं की एक वास उठतो. ओल्या लाकडाचा, थोडा जंगलाचा, थोडा दुपारच्या झोपेचा. तो वास आला की मी मनातल्या मनात हसतो. माझा उन्हाळा आला.

मी कूलर दुरुस्त करतो. सारं जग उन्हाळ्याला शिव्या देत असताना देवाकडे ऊन मागणारी जी थोडी माणसं आहेत, त्यांत मी एक. कुणाला सांगत नाही. मार्च संपत आला आणि आभाळ भरून आलं की शेजारी म्हणतात, बरं झालं, गारवा आला. मी मान हलवतो आणि मनात म्हणतो, जाऊ दे रे हे ढग वाशीमकडे.

तसाही मी फार बोलणारा नाही. बायको वंदना म्हणते, ह्या माणसाच्या तोंडातला शब्द काढायले पाना लागते. पण यंदा कूलर उतरायला लागले तसं एक बोलणं माझ्याच आत गंजलेल्या बोल्टसारखं करकरायला लागलं. पाडवा जवळ आला होता. पाडव्याला देऊळघाटला पहिलं पाणी असतं, आणि गेले दोन पाडवे मी तिथे गेलो नव्हतो.

पहिलं पाणी हा काही शास्त्रातला विधी नव्हे. देऊळघाटच्या भिकाजीमामांनी तो काढला आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आम्ही सगळ्यांनी पाळला. ज्यानं त्यानं पाडव्याच्या सकाळी एकेक नवी ताटी घेऊन मामांच्या दुकानी जायचं. रस्त्याकडेला टिनाचं शेड, पुढे पिंप, आत मोटारी. मामा सगळ्यांत जुना कूलर बाहेर काढणार, आमच्यातल्याच तीन ताट्या त्याला लावणार, तांब्यानं पाणी सोडणार आणि बटण दाबणार. मग शिकून मोठे झालेले आम्ही सगळे बाप्ये लेकरांसारखे त्याच्यासमोर तोंड करून उभे. कूलरच्या कानाला साखरगाठी बांधलेली असायची, ती वाऱ्यानं हलत असायची. मामा म्हणायचे, "घ्या बे, वर्षाचा पहिला वारा घ्या. आता चार महिने लोकायले देत फिरा."

मामांच्या हाताखाली मी विशीत लागलो. मोटारीत तांब्याची तार भरायला नंतर शिकलो. पहिलं काम होतं ठिपका द्यायचं. दुरुस्त होऊन जाणाऱ्या प्रत्येक कूलरच्या आत, पंपाच्या वर, पत्र्यावर हिरव्या तेलरंगाचा एक ठिपका. हा कूलर मामांच्या हातचा, अशी ती खूण. आमच्या धंद्यात तिला मान होता. कूलर उघडला आणि दुसऱ्याचा ठिपका दिसला की हात थांबवायचा. त्याला निरोप धाडायचा. तो 'कर' म्हणाला तर करायचं. मी काडेपेटीच्या काडीनं ठिपका द्यायचो, त्यामुळे रंग ओघळून त्याला शेपूट फुटायचं. मामा बघायचे आणि म्हणायचे, "सुध्या, हा ठिपका होय का बेडकाचं पिल्लू?" सगळे हसायचे. मीही. शेपूट काही गेलं नाही.

पुढे मी बुलडाण्यात माझं दुकान टाकलं. मामांनीच जागा पाहून दिली. दुकान गल्लीच्या आत, तेही एका पिठाच्या गिरणीच्या मागे. येणारा आधी दळणवाल्याला विचारणार, मग पिठानं पांढरा होऊन माझ्यापर्यंत पोहोचणार. तरी चालत होतं.

मला आठवतो तो उन्हाळा तीन वर्षांपूर्वीचा. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत आनंदाचा, आणि म्हणूनच त्याचं नाव काढायला जीभ अडखळते.

आमची प्राची पुण्याला नोकरीला लागली होती. लहान दुकानांच्या जाहिराती फोनवर लावून द्यायच्या, असं तिचं काम. कुणी फोनमध्ये 'नळ दुरुस्ती' विचारलं की नळवाल्याचं नाव वर यावं, खाली फोनचं चिन्ह, दाबलं की थेट नळवाल्याच्या खिशात घंटी. होळीच्या सुट्टीत आली तेव्हा ती गिरणीतून पांढरी होऊन दुकानात शिरली आणि केस झटकत म्हणाली, "बाबा, तुमचं दुकान फक्त उंदरांना माहीत आहे."

त्याच दुपारी तिनं माझी जाहिरात लावली. 'कूलर दुरुस्ती, घरी येऊन', आणि खाली माझं नाव. माझं नाव मी आजवर राशनकार्डावर आणि लग्नपत्रिकेत पाहिलं होतं. फोनमध्ये ते सगळ्यांच्या वर बघून मला इतकं बरं वाटलं, की ती परत गेल्यावर मी रोज सकाळी चहासोबत एकदा ते दाबून बघायचो. दाबलं की वंदनाचा फोन वाजायचा, कारण नंबर तिचा दिला होता. फोनवर बोलणं हे काम घरात तिचंच. ती आतून ओरडायची, "मीच हावो! ठेवा आता!"

एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. मी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं: 'फोनमध्ये माझं नाव आलं आहे. सर्वांनी दाबून पाहावे.' आमच्याकडे कुणाचं काही चांगलं झालं की सगळे जमतात, तसे सगळे दाबायला जमले. मेहकरच्या बहिणीनं दाबलं, तिच्या सासूनं दाबलं. शेगावला लॉजवर काउंटरला बसणाऱ्या साडभाऊंनी तर दर्शनाला आलेल्या माणसांनाही अभिमानानं दाखवून दाबायला लावलं. संध्याकाळी प्राचीचा फोन. "बाबा, रोजची जाहिरात सकाळी दुकानं उघडायच्या आत संपते! प्रत्येक दाबण्याचे पैसे कटतात हो! हे कोण दाबतंय एवढं?"

मी फोन वंदनाकडे दिला. वंदनानं सांगून टाकलं.

प्राची खूप हसली. मग नातेवाइकांपासून वाचायला तिनं पुण्यात बसून नकाशावर एक गोल काढला. बुलडाणा मधोमध. ह्या गोलात असलेल्यालाच जाहिरात दिसणार. मेहकर बाहेर, शेगाव बाहेर. देऊळघाट आत. आणि उत्तरेला मोताळ्याकडची बरीच गावंही आत. हेच ते. नकाशा सपाट असतो, त्याला घाट माहीत नाही. आम्ही राहतो घाटावर, जिथे मे महिन्यातही संध्याकाळी वारा सुटतो आणि लोक 'थंड हवेचं ठिकाण' म्हणून मिरवतात. राजूरचा घाट उतरला की दुसरंच राज्य. तिथलं ऊन आमच्या उन्हाचा थोरला भाऊ. कूलरवाल्याला हवं असलेलं सगळं ऊन घाटाखाली होतं, आणि पोरीच्या त्या गोलानं ते नकळत माझ्या पदरात टाकलं.

पहिला फोन आला तेव्हा वंदना भाकरी थापत होती. पिठाच्या बोटानं तिनं तो उचलला आणि आवाज मोठा केला.

"हॅलो, कूलरवाले का जी?"

"बोला ताई. कूलरले काय झालं?"

"थंडा नाही मारून राह्यला. नुसतं पाणी फेकून राह्यला माय! आमचे सासरे समोर बसले, त्यायचं धोतर वलं झालं."

"ताटी पालटा लागीन. गाव कोणतं?"

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघराचं दवाखान्यात रूपांतर झालं. वंदना लक्षणं विचारायची. आवाज घर्रर्र येते की टक टक? वास येते का जळाल्यावानी? पाय लावला त झटका बसते का? चार दिवसांत ती फोनवरूनच निदान करायला लागली. मी हत्यारांची पिशवी भरेपर्यंत ती मागून सांगायची, "कंडेन्सर घेजा सोबत. बाई म्हणते पंखा हातानं फिरोला की चालते." आणि तेच निघायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कामातलं तिला एवढं कळतं हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. तिलाही.

रविवारी प्राची फोन करायची आणि लोकांनी काय काय विचारून आपल्याला शोधलं ते वाचून दाखवायची. मला वाटलं होतं, लोक 'कूलर दुरुस्ती' लिहीत असतील. छे! आमच्याकडची माणसं फोनशी शेजाऱ्यासारखी बोलतात. 'कूलर रडून राह्यला काय करू.' 'कूलरमंधी बेंडूक हाय का आवाज कायचा.' 'जावई आले कूलर बंद.' हे शेवटचं ऐकून वंदना पोट धरून हसली. "त्या घरी पहिले जा हो," म्हणाली, "बाकीचे थांबतीन."

आणि तो घाट! ताट्यांचा भारा गाडीच्या मागे बांधून मी सकाळी निघायचो. वरच्या वळणापर्यंत वारा थंड असायचा, मग कुठल्याशा एका वळणावर, रोज त्याच, कुणी भट्टीचं दार उघडल्यासारखी ऊब अंगावर यायची. दुसऱ्याला नकोशी वाटावी अशी ती झळ मला सोयऱ्यासारखी भेटायची. खाली पसरलेलं मोकळं काळं रान, मधूनच निंबाची झाडं, आणि त्या प्रत्येक निंबाखालच्या घरात एकेक बिघडलेला कूलर माझी वाट बघत असल्यासारखं वाटायचं. एका रविवारी वंदनाही मागे बसली. हातात ताटी ढालीसारखी धरलेली. उतारावर वाऱ्यानं ताटी फुगली आणि ती ओरडली, "हळू! उडून राह्यले न मी!" पन्नाशीला आलेली दोन माणसं घाटात मोठमोठ्यानं हसत होती. वरच्या कठड्यावरची माकडं आमच्याकडे बघत होती.

आता ते सांगतो, जे सांगायला मी हा लेख लिहायला बसलो.

फोन करणारे अर्धे लोक एक प्रश्न विचारायचे. "मामा हायत का? देऊळघाटचे मामा?" घाटाखाली मामांचं नाव जुनं. तरुणपणी ते सायकलवर कूलर बांधून घाट उतरायचे, चालत चढायचे. त्या घरांतली पोरं आता मोठी झालेली, आईबापांच्या तोंडून त्यांना एवढंच ठाऊक की कूलर बिघडला की देऊळघाटचे मामा.

हे लोक माझ्याकडे कसे आले, ह्याचं उत्तर मला माहीत होतं. जाहिरात लावली त्या दुपारी प्राचीनं विचारलं होतं, "बाबा, कूलरवाला पाहिजे असला की लोक काय म्हणतात? ते शब्द सांगा, मी आत टाकते. ते शब्द कुणी बोललं की आपण वर." मी सांगत गेलो. ताटी, मोटार, पंप. "अजून?" तिनं विचारलं. मी थोडा वेळ गप्प राहिलो. मग म्हणालो, "देऊळघाटचे मामा."

तिनं टाकलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोठमोठ्या कंपन्या एकमेकांचं नाव असंच टाकतात म्हणाली. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की लोक जे म्हणतात तेच मी सांगितलं. पण त्या गप्प राहण्यात मी काय करत होतो हे मला चांगलं ठाऊक आहे. मी मोजत होतो. मामांकडे साधा बटणांचा फोन. त्यांना हे कधी कळणार नाही, एवढंच मोजत होतो.

पहिल्यांदा जेव्हा 'मामा हायत का' आलं, वंदनानं फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी मानेनं 'हो' केलं. ती फोनमध्ये "हाव" म्हणाली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "मी हे दुसऱ्या बारीनं नाही म्हणणार." पुढच्या वेळेपासून ती म्हणायला लागली, "मामांचे शिष्य हायत." हे खरं होतं. त्यामुळे लोकांचा भरवसा अजूनच वाढला, आणि मला ते अजूनच लागलं.

मोताळ्याकडच्या एका लग्नघरी गेलो होतो. मांडवात दुपारी कूलर बंद पडलेला, वऱ्हाड वेशीपाशी. मी मागची ताटी काढली आणि हात थांबला. पंपाच्या वर हिरवा ठिपका. त्याला शेपूट. माझ्याच हातचं बेडकाचं पिल्लू, विशीतलं, पत्र्याच्या गंजातून माझ्याकडे बघत होतं.

नियम माहीत होता. मामांचा नंबरही पाठ होता. मागे नवरीची आत्या घाई करत होती. मी ताटी भरली, पंप बदलला, बटण दाबलं. वारा आला तशी ती आत्या पदर पसरून कूलरसमोर बसली, तिचे पांढरे केस उडायला लागले, "आला व माय, आला मामाचा वारा!" असं म्हणत ती हसायला लागली आणि सगळा मांडव तिच्यासोबत हसला. मीही हसलो. खोटं हसलो नाही. वारा खरा होता, तिचं सुख खरं होतं. फक्त नाव माझं नव्हतं.

निघताना तिनं बुंदीच्या लाडवांचा पुडा हातात दिला. "मामायले देजा. म्हणा, काशीच्या लग्नात तुमीच वारा देल्ला होता, तिच्या पोरीच्या लग्नातही तुमचाच."

तो पुडा हँडलला लटकवून मी घाट चढलो. वरच्या वळणावर गाडी थांबवली. देऊळघाटला न्यावा तर काय सांगू? घरी न्यावा तर वंदनाला काय सांगू? शेवटी कठड्यावर पुडा सोडून ठेवला. माकडं आली. मामांचे लाडू त्यांनी मोठ्या चवीनं खाल्ले.

त्याच आठवड्यात एस.टी.तून देऊळघाटवरून जाताना खिडकीतून मामा दिसले. शेडसमोर खुर्ची टाकून बसलेले, बाजूला एक कूलर नुसताच चालू, रस्त्याला वारा देत. दुरुस्तीला आलेलं काहीच नव्हतं. मी मान खाली घातली. संध्याकाळी प्राचीला म्हणालो, ते मामांचं नाव काढून टाक. तिनं विचारलं, का? मी म्हटलं, काढ. तिनं काढलं. फोनमधून नाव गेलं. माझ्यातून गेलं नाही. पुढच्या पाडव्याला मी ताटी बांधून तयार ठेवली आणि गेलो नाही. त्याच्या पुढच्याही. मग न जाण्याचीच सवय झाली.

यंदा पाडव्याच्या सकाळी वंदनानं गुढी उभारली, ताटी उंबऱ्यात आणून ठेवली आणि म्हणाली, "जाता की मी जाऊ? मले फोनवर बोलाची सवय हाय, तोंडानंही सांगता येते."

गेलो.

शेड होतं. पिंप होतं. साखरगाठी बांधलेला जुना कूलर होता. शिष्यांतलं मात्र कुणी नव्हतं. एकजण नाशिकला, एकजण आता एसी बसवतो, एकजण राहिलाच नाही. मामा खुर्चीत बसून डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघत होते.

"कोण? सुध्या होय का बे?"

"हाव मामा."

"तीन वर्षं कोठी मेला होता?"

मी ताटी खाली ठेवली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. जाहिरात, पोरीनं विचारलेले शब्द, मी दिलेलं नाव, ठिपका. आयुष्यात इतकं सलग मी कधी बोललो नव्हतो. जाहिरात म्हणजे काय हे समजावताना दोनदा अडलो. मामा ऐकत होते. मध्ये त्यांनी कूलरवर बसलेली माशी उडवली.

"म्हंजे," ते हळूच म्हणाले, "लोकं मले बलावत, न फोन तुह्या घरी वाजे."

"हाव."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ बसली.

"मी लोकायले काय सांगो माहीत हाय? म्हणो, माह्या हातचे कूलर आता बिघडतच नाहीत. म्हणून कोणी येत नाही." ते हसले. मग हसू गेलं. "मनातून म्हणो, भिक्या, मेला तू. लोकायच्या ध्यानातून मेला."

मी खाली बघत होतो. पायाशी ताटीतलं गवत वाऱ्यानं हलत होतं. आता ते उठून जातील, किंवा मला जा म्हणतील, असं वाटलं. गेलो असतो.

"किती लोकं विचारत?" मामांनी विचारलं.

"अं?"

"मले. 'मामा हायत का' म्हणणारे. किती?"

"लय, मामा. अर्धा घाटाखालचा मुलूख."

"खोटं."

"आई शप्पथ."

मामा खुर्चीत पुढे सरकले. "कोण कोण? नीट सांग. काय म्हणत?"

मग मी तेही सांगितलं. धोतर ओलं झालेले सासरे सांगितले. बेंडूक सांगितला. जावयाचं सांगितलं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. लग्नघरची आत्या सांगितली, तिचे उडणारे केस, 'मामाचा वारा'. "काय म्हणे ते? पुन्हा सांग," मामा म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. "काशीच्या लग्नात?" ते म्हणाले, "अबे, त्या लग्नात म्या कूलर सायकलवर नेला होता! काशी इतकीशी होती, बाहुलीवानी नवरी. तिची पोरगी लग्नाची झाली?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदम, कुणी आधी यायचं ते ठरलंच नाही. मी तीन वर्षं जे दडवून ठेवलं होतं, त्याच्या पोटात त्यांच्या नावचे एवढे निरोप पडून होते, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. माझं पाप तेवढं मी सांभाळलं, त्यांचं सुख विसरलो.

"न लाडू?" मामांनी अचानक विचारलं. "लाडू देल्ले म्हणतो न तिनं. कोठी हायत?"

मी सांगितलं.

"माकडायले?" ते ताडकन उठले. "बुंदीचे लाडू माकडायले देल्ले? गिऱ्हाईक नेलं त नेलं बे, पण माह्ये लाडू? काऊन, तुह्या गाडीले हँडल नव्हतं का देऊळघाटले वळाले?" ते खरोखरच संतापले होते. बोलता बोलता तांब्या उचलला. मला वाटलं, आता बसतो डोक्यात. त्यांनी तो पिंपात बुडवला, मी आणलेल्या ताटीवर ओतला, आणि तो वास उठला. बटण दाबलं. आम्ही दोघं कूलरसमोर तोंड करून उभे राहिलो. साखरगाठी टकटक पत्र्यावर वाजत होती.

"फोनात ते नाव पुन्हा टाक," वारा खात मामा म्हणाले. "पण नंबर माहा."

प्राचीला तिथूनच फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाबा, गोल देऊळघाट मधोमध धरून काढते."

"थोडा मोठा काढ म्हण तिले," मामा मागून ओरडले. "न घाटाखालचं काही सोडू नको!"

पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी मामांनी मला शिक्षा सुनावली. त्या उन्हाळ्यात ज्या ज्या घरी मी त्यांच्या नावानं गेलो, त्या त्या घरी मी त्यांना घेऊन जायचं. "पहिले त्या लाडूवालीच्या घरी," ते म्हणाले. सकाळी मी गाडी घेऊन गेलो तर शुभ्र टोपी घालून, खिशात हिरव्या रंगाची डबी आणि काडेपेटी घेऊन तयार. मागे बसले. घाट लागेपर्यंत मला मोटारीचा आवाज कसा ओळखावा हे नव्यानं शिकवत होते. वरचं वळण गेलं, कठड्यावर माकडं होती, मामांनी त्यांना एक सणसणीत शिवी घातली.

मग ते वळण आलं, रोजचंच, भट्टीचं दार उघडल्यासारखं. झळ तोंडावर आली. मी आरशात बघितलं. मामांनी डोळे मिटले होते, टोपी एका हातानं धरली होती, आणि तोंड उघडून, जे मी आयुष्यभर मनातल्या मनात मागत आलो ते त्यांनी सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं मागितलं.

"पडू दे बे ऊन! पडू दे!"

मी पण ओरडलो.